प्राप्तिस्थान

वस्तुसंग्रहालयात मांडलेल्या वस्तूच्या पायाशी जी लहानशी पाटी असते, तिच्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे नाही. ज्याने ती लिहिली त्याचे नाव तिच्यावर नसते. जो ती वाचतो तो उभ्याउभ्या वाचतो आणि पुढच्या काचेकडे वळतो. परंतु मराठी गद्याचा हा एक प्रकार आहेच. शाळेच्या सहलीबरोबर आलेली मुले, देवदर्शनाहून परतणारी कुटुंबे, एस.टी. चुकली म्हणून सावलीला आत शिरलेले प्रवासी असा त्याचा वाचकवर्ग एखाद्या कवितासंग्रहाच्या वाचकवर्गाहून पुष्कळच मोठा आहे. या गद्याची कोणीतरी समीक्षा करावी, असे मला गेली दोन वर्षे वाटत आहे. निमित्त असे, की मराठीचा अध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो आणि वस्तुसंग्रहालयशास्त्राचा एक विद्यापीठीय अभ्यासक्रम पुरा केला.

वर्गात आम्ही चौदा जण होतो. निम्मे नांदेडकडचे, निम्मे लातूरकडचे. मी सोडल्यास सारे पंचविशीच्या आतबाहेरचे. कोणाला पुरातत्त्व खात्यात नोकरी हवी होती, कोणाला स्पर्धा परीक्षेसाठी इतिहास पक्का करायचा होता, आणि एकदोघांना, त्यांनीच प्रांजळपणे सांगितल्याप्रमाणे, दुसऱ्या कोठे प्रवेश मिळाला नव्हता. मुले मला ‘काका’ म्हणत, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेले सर मला ‘आपण’ म्हणत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी मी थोडा पाहुणाच राहिलो.

अभ्यासक्रमाचा जो भाग हातांनी शिकायचा होता तो उत्तम होता, हे प्रथमच सांगून टाकतो. जुना कागद आणि जुने कापड यांवर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू देऊ नये. आपल्याकडील एप्रिलची भाजणारी कोरडी हवा आणि ऑगस्टमधली ओल यांच्या ओढाताणीत लाकूड उभे फाटते. ब्राँझच्या अंगावरचा हिरवा थर हा दर वेळी रोग नसतो, पुष्कळदा ते त्याचे नुसते वय असते, पण त्यावर फिकट हिरवी भुकटी सुटू लागली की मात्र सावध व्हावे. मूर्ती उचलताना तिच्या हाताला किंवा प्रभावळीला कधी धरू नये, दोन्ही हात बुडाखाली घालावेत. हे शिकताना वस्तूंविषयी एक प्रकारचा विनय अंगी येतो. चाळीस वर्षे पुस्तके हाताळूनही तो मला आला नव्हता. पुस्तकाचे पान मुडपताना माझा हात कधी थरथरला नाही. मृण्मूर्तीचे एक मस्तक पहिल्यांदा तळहातावर घेतले तेव्हा थरथरला.

तक्रार आहे ती पुढच्या भागाविषयी, ज्याला अभ्यासक्रमात ‘सिद्धान्त’ म्हटले होते. त्यातील बहुतेक उदाहरणे लंडन-पॅरिसची. भारतातली म्हटली तर मुंबई आणि बडोदा. बडोद्याचे नाव आदराने घ्यावे हे योग्यच आहे, कारण १९५२ साली तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्तुसंग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि पुढच्या पिढ्यांचे अनेक संग्रहपाल तेथूनच तयार झाले. परंतु ज्या वर्गात कंधार, औसा, उदगीर, माहूर, निलंगा या गावांची मुले बसलेली आहेत, त्या वर्गाला आपल्या गावच्या वेशीतला वीरगळ हा विषय असू शकतो हे वर्षभर कोणी सांगू नये, याचे नवल वाटले. आंतरराष्ट्रीय वस्तुसंग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग येथे स्वीकारलेली नवी व्याख्या मात्र आम्हांला तोंडपाठ करावी लागली. ती व्याख्या वाईट नाही. संशोधन, संग्रह, जतन, अर्थविवरण, प्रदर्शन ही सारी कामे तिच्यात आहेत. समाजाची सेवा आहे. लोकसमूहांचा सहभागही आहे. वस्तू जेथून आणली त्या जागेचे पुढे काय होते, एवढे तिच्यात नाही.

आणि माझा सारा प्रश्न त्या जागेचा आहे.

नोंदवहीचे रकाने आम्हांला शिकवले गेले ते असे: अनुक्रमांक, वस्तूचे नाव, द्रव्य, मापे, काळ, प्राप्तिस्थान, मिळाल्याची रीत. शेवटच्या रकान्यात देणगी, खरेदी, उत्खनन, जप्ती यांपैकी एक शब्द लिहायचा. या रकान्यांतून पाटी तयार होते. ‘विष्णू. काळा पाषाण. बारावे शतक. प्राप्तिस्थान : जि. नांदेड.’ अशा धर्तीच्या पाट्या वाचकाने अनेक ठिकाणी पाहिल्या असतील. व्याकरणाच्या अध्यापकाला त्यात पहिली गोष्ट दिसते ती ही, की या गद्यात क्रियापद नाही. चार नामे, दोनतीन विशेषणे, आणि पूर्णविराम. मूर्ती कोणी घडविली, कोणी पुजली, कोणी विहिरीत लपविली, कोणी गाळ काढताना वर आणली, कोणी बैलगाडीत घालून तालुक्याला पोचविली, या सर्व घटना क्रियापदांतून सांगाव्या लागल्या असत्या. म्हणून त्या नाहीत. संग्रहालयात वस्तू केवळ ‘असते’. आणि ‘प्राप्तिस्थान’ या भारदस्त संस्कृत शब्दात एक लबाडीही आहे. ते स्थान वस्तूचे नव्हे, आपल्या प्राप्तीचे असते. वस्तू तेथे हरवली होती की ठेवलेली होती, हे तो शब्द सांगत नाही.

सत्राच्या मध्यावर सरांनी आम्हांला एक स्वाध्याय दिला. आपापल्या घरातील एक वस्तू निवडावी आणि चाळीस शब्दांत तिची पाटी लिहून आणावी. मुदत तीन आठवड्यांची. त्या मुदतीत आमची तेरची सहल झाली, आणि म्हणून त्या स्वाध्यायाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. पण लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा होईपर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यातली होती, आणि लातूरकरांना ते गाव आजही परके वाटत नाही. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका अज्ञात ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख आहे: भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तेथून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जाई. गावातील त्रिविक्रमाचे मंदिर मुळात विटांनी बांधलेले, गजपृष्ठाकार छपराचे बौद्ध चैत्यगृह होते. पुढे हेच गाव संत गोरा कुंभारांचे झाले. ज्या गावाच्या मातीत दोन हजार वर्षांची खापरे आहेत, त्या गावाने महाराष्ट्राला कुंभार संत द्यावा, यात अर्थ शोधू नये हे मला कळते. तरी तेथे उभे असताना तो मनात येतोच.

या गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर तेरच्या पांढरीतल्या वस्तू गोळा केल्या. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राखट, मऊ माती. शेतकरी ती खत म्हणून नेतात, घरबांधणीला वापरतात, आणि तसे करताना कधी मणी, कधी शंखाची बांगडी, कधी नाणे, कधी पांढऱ्या मातीची साच्यात काढलेली मूर्ती वर येते. बहुतेक गावांत अशी वस्तू मुलाच्या हातात जाते आणि दोन दिवसांत फुटते. तेरला ती लामतुरे यांच्याकडे जाऊ लागली. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज गावातच उभे आहे. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर एक पुस्तिका लिहिली. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले होते. पंडित आले ते नंतर. आधी एक गावकरी वाकून माती पाहत होता.

या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती. तिची सख्खी बहीण शोभावी अशी दुसरी मूर्ती इटलीत आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातील एका घरात ती १९३८ साली सापडली आणि आता नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. जग तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखते, जरी अनेक अभ्यासकांच्या मते ती लक्ष्मी नसून यक्षी असावी. याच कुळातली मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही मिळाली. तेथे १९७२ ते १९७४ या काळात नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले होते. या तीन मूर्ती म्हणजे पाटीच्या शास्त्राचा जणू एक संपूर्ण पाठ आहे. नेपल्सच्या मूर्तीचे प्राप्तिस्थान अगदी अचूक सांगता येते: शहर, रस्ता, घर, आणि राखेमुळे ती कोणत्या वर्षापूर्वीची, हेही. पण ते तिचे माहेर नव्हे. तेरची मूर्ती माहेरी, निदान माहेरच्या मुलखात आहे. पण ती कोणत्या थरातून, कोणत्या खापरांच्या सोबतीने वर आली हे थराथराने मोजून ठेवलेले नाही, कारण ती उत्खननाने आलेली नाही, प्रेमाने आलेली आहे. म्हणजे एकीचा पत्ता पक्का आणि घर परके. दुसरीचे घर आपले आणि पत्ता पुसट.

आमच्या वर्गात यावर चांगलीच चकमक झाली. एका विद्यार्थ्याने, आणि तो वर्गातला सर्वांत हुशार मुलगा होता, असे म्हटले की हौशी संग्राहक हा पुरातत्त्वाचा शत्रूच होय; तो वस्तू वाचवितो आणि तिचा पुरावा नष्ट करतो. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. थर एकदा विस्कटला की तो पुन्हा लावता येत नाही. पुस्तकाची पाने सुटी करून कोणी नुसती चित्रे जपून ठेवावीत, तसे ते आहे. पण त्या मुलाला मी विचारले, की थर वाचविणारा उत्खनक तेरला येईतो ती पांढर थांबणार होती काय? १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा आजही सांगतो, की जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. खापराच्या तुकड्याचे मोल दहा रुपये कोण ठरविणार? कायद्याला जे धन वाटत नाही आणि शास्त्राला जे तेव्हा ठाऊक नसते, ते नेमके संग्राहकाच्या ओच्यात पडते. माझे मत असे, की तेरच्या संग्रहाची उणीव आणि त्याची थोरवी एकाच ठिकाणी आहे. पुरावा गेला, पण वस्तू गाव सोडून गेली नाही. दालनातून बाहेर पडून काही पावले चालले की ती जेथून आली ती माती पायाखाली असते. मुंबईच्या किंवा लंडनच्या कोणत्याही पाटीला हे साधणार नाही. असे गावातले संग्रहालय आपल्या पाटीवर ‘प्राप्तिस्थान : तेर’ एवढेच लिहून थांबेल तर ते आपली एकमेव श्रीमंती वापरत नाही, असे म्हणावे लागेल. कोणाच्या शेतात, विहीर खणताना की भिंतीची माती काढताना, एवढे एक वाक्य जेथे माहीत आहे तेथे लिहिले गेले पाहिजे. ते सांगू शकणारी माणसे आता थकत चालली आहेत.

मराठवाड्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा होतो त्याला इतिहासाचे कारण आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे पुरातत्त्व खाते १९१४ पासून गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली फार मोलाचे काम करीत होते; अजिंठ्याची चित्रे टिकली यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण राजधानी हैदराबाद, म्हणून वस्तूंची वाटही हैदराबादची. पैठणला त्या खात्याने खणले, आणि पैठणच्या वस्तू पाहायला हैदराबादला जावे लागले. यात कोणाची चोरी नव्हती. राज्य तेव्हा एकच होते. सीमा पुढे बदलल्या, वस्तू जेथल्या तेथे राहिल्या.

नांदेडच्या मुलांनी या चर्चेत एक वेगळेच उदाहरण आणले, आणि त्यापुढे आमची सारी व्याख्या डळमळली. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला निवर्तले. त्या जागी महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारलेल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरूंची शस्त्रे आहेत. ती भाविकांना दाखविली जातात, आणि दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाच्या दिवशी गोदावरीचे पाणी घागरींतून आणून ती धुतली जातात. आमच्या जतनशास्त्राच्या वहीत पोलादी वस्तूला पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये असे ठळक अक्षरांत लिहिलेले. एका मुलाने विचारले, “सर, मग हे चूक का?” सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ते वस्तुसंग्रहालय नाही.” उत्तर बरोबर होते, पण अपुरे. ती शस्त्रे तीनशे वर्षे टिकली आहेत ती काचेमुळे नव्हे. दर वर्षी कोणीतरी त्यांना हात लावून पुसते, तेल देते, मोजून परत ठेवते, म्हणून टिकली आहेत. नोंदवहीत ज्याला ‘वापर’ म्हणून धोक्याच्या यादीत घातले आहे, तोच येथे जतनाचा मार्ग आहे. शिवाय त्या शस्त्रांना पाटी लागत नाही. पाटी ही जिथे सांगणारा माणूस उरत नाही तिथे लागते.

त्याच जिल्ह्यात कंधारला उलट टोक पाहायला मिळते. राष्ट्रकूटांच्या या नगरीत एका महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भंगलेले अवयव आहेत. एकेका पावलावरून त्या देवाच्या उंचीचा अंदाज करीत माणूस खुळावतो. तिची पूजा नाही आणि तिला दालनही नाही, कारण कोणत्या दालनात ती मावणार? पूजेतूनही सुटलेली आणि संग्रहातही न आलेली अशी ही वस्तू ज्या जागी होती त्या जागीच आहे. तिच्यापुढे उभे राहिल्यावर मला प्रथमच वाटले, की आपल्या रकान्यांत ‘प्राप्तिस्थान’ हा रकाना कधीकधी निरर्थकही होऊ शकतो, आणि ते किती बरे आहे.

या त्रैमासिकाच्या वाचकाला हा सारा वाद नवा वाटणार नाही, कारण त्याच्या परिचयाच्या एका वस्तूत तो आधीच भरलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून ठिकठिकाणच्या मंदिरांत गेल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा त्यांतलीच मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे, म्हणजे देवळाहून ती पाव शतकाने वडील आहे. तिच्यासाठी पाटी लिहायची झाली तर प्राप्तिस्थान काय लिहावे? वसई लिहावे तर ती पावणेतीन शतके नाशिकच्या गोदाकाठाची आहे. नाशिक लिहावे तर ओतणाराने ती कोणत्या प्रार्थनेसाठी ओतली हे झाकले जाते. मी वर्गात हे उदाहरण दिले तेव्हा सरांनी विचारले, की आपल्याला, म्हणजे आपल्या समाजाला, ती परत हवी आहे काय? प्रश्न सद्हेतूने विचारलेला होता. मी माझ्यापुरते उत्तर दिले, की मला ती परत नको, पण तिची पाटी हवी. आणि पाटीत दोन्ही गावे हवीत. ती घंटा संग्रहालयात गेली नाही हे तिचे भाग्य आहे. एखाद्या धातुतज्ज्ञाच्या दालनात तिची लोळी बांधून ठेवली असती. देऊळ बदलले, पण घंटेचे काम बदलले नाही.

काम थांबलेल्या वस्तूंचे दुःख ज्याला पाहायचे असेल त्याने जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलेचे वस्तुसंग्रहालय पाहावे. १९९४ मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ मध्ये सांता मोनिकाच्या मठात आले. पेलिकन पक्ष्याच्या रूपात घडविलेले तेथील चांदीचे पवित्र पात्र हे गोमंतकीय सोनारांच्या हाताचे आश्चर्य आहे. मांडणीही नेटकी, प्रकाशही मोजून दिलेला. तरीसुद्धा ज्याने मिस्साविधीत अशा पात्रापुढे गुडघे टेकले आहेत, त्याचे पाय काचेपुढे क्षणभर गोंधळतात. पाहावे की नमावे? मला हा गोंधळ त्या संग्रहालयाचा दोष वाटत नाही. उलट तो नाहीसा झाला तर काहीतरी हरवेल. एक मात्र जमेची बाजू आहे: ते संग्रहालय मठातच आहे, म्हणजे तेरप्रमाणेच वस्तू आपल्या भिंतींच्या सोबतीला राहिल्या आहेत.

आणखी एक संग्रह आम्ही पाहिला, पुण्याचा राजा दिनकर केळकर यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, पानदाने, दरवाजे अशा घरगुती वस्तू सारा देश हिंडून जमविल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. संग्रहालयाला नाव आहे ते त्यांच्या अल्पवयात गेलेल्या मुलाचे. वर्गात केळकर शिकविले गेले ते ‘संग्रहाचे वर्गीकरण’ या मुद्द्याखाली. मुलाविषयी एक वाक्य सरांनी जाता जाता सांगितले आणि कोणी ते लिहून घेतले नाही. परीक्षेत त्याला गुण नव्हते. मला वाटते, त्या संग्रहावरची सर्वांत मोठी पाटी म्हणजे दारावरचे ते नाव. बाकीच्या साऱ्या पाट्या तिच्या खाली वाचायच्या आहेत.

तीन आठवडे झाले आणि स्वाध्याय वाचण्याचा दिवस आला. कोणी आजोबांचे घड्याळ आणले, कोणी पितळी समई, एकाने निजामाच्या काळचा हाली शिक्का. पाट्या व्यवस्थित होत्या: द्रव्य, मापे, काळ. मग एक मुलगी उठली. तिचे गाव किल्लारीच्या बाजूचे. ज्या बावन्न गावांचे भूकंपानंतर नव्या जागी पुनर्वसन झाले त्यांपैकी एक. तेर ज्या तेरणेच्या काठी आहे तीच तेरणा पुढे त्यांच्या परिसरातून वाहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले असताना धरणी हलली, आणि दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरचे मातीचे जड माळवद माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे गेली. ही मुलगी त्यानंतर काही वर्षांनी, नव्या गावातील सरळ रेषेत मांडलेल्या सिमेंटच्या घरात जन्मली. तिने रुमालातून काढली ती एक वीतभर लांबीची लोखंडी किल्ली होती.

तिची पाटी मी उतरवून घेतली नाही, पण बरीचशी लक्षात आहे. द्रव्य लोखंड. लांबी मोजलेली. काळ या रकान्यात तिने शतक लिहिले नव्हते. ‘३० सप्टेंबर १९९३ पर्यंत’ असे लिहिले होते. प्राप्तिस्थान : जुने गाव, ढेलजेतील उजव्या हाताचा कोनाडा. आणि खाली तीन वाक्ये, ज्यांत क्रियापदे होती. आजोबा रात्री दाराला कुलूप लावीत आणि किल्ली कोनाड्यात ठेवीत. त्या रात्री गौरी-गणपतीला आलेले पाहुणे उशिरा गेले म्हणून त्यांनी नुसती कडी घातली. आजीला चौथ्या दिवशी ढिगाऱ्यात किल्ली सापडली. कुलूप सापडले नाही.

वर्गात कोणी बोलले नाही. सरांनी घसा साफ केला आणि दोन दोष दाखविले: शब्दसंख्या चाळीसच्या पुढे गेली होती, आणि काळ निश्चित केलेला नव्हता; शंभर वर्षांहून जुनी असल्याखेरीज १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती पुराणवस्तू ठरणार नव्हती. दहापैकी पाच गुण. मी सरांवर रागावलो नाही. त्यांना जी पट्टी दिलेली होती त्या पट्टीने त्यांनी मोजले, आणि पट्टीने मोजणे हे या शास्त्रात शिकावेच लागते. पण समीक्षक म्हणून माझे मत नोंदवून ठेवतो, की त्या वर्षात मी वाचलेल्या मराठी गद्यात त्या तीन वाक्यांच्या तोडीचे फार थोडे होते. आणि एक साधा व्यावहारिक प्रश्नही विचारतो. बावन्न गावांच्या ढिगाऱ्यांतून सागवानी तुळया निघाल्या, उखळे निघाली, जाती निघाली, कुलपे निघाली. त्यांतले काही मोडीत गेले, काही जळणात, काही नव्या घरांच्या मागे पडून आहे. तगरच्या थरांसाठी आपण हळहळतो. हा थर तर आपल्या डोळ्यांदेखत बसला, त्याची तारीख मिनिटासकट ठाऊक आहे, त्याचे साक्षीदार अजून बोलू शकतात. तेरच्या पांढरीतल्या कोणत्याही खापराचा इतका नेमका पत्ता आपल्यापाशी नाही. नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांनी सुट्टीत एकेका गावी जाऊन एकेका वस्तूची नुसती पाटी लिहून आणली, वस्तू तिथेच ठेवून, तर तोच एक संग्रह होईल. हे मी सत्राच्या शेवटी लेखी सुचविले. सूचना स्वीकारली गेली असे मला सांगण्यात आले.

वर्षअखेर विभागाने एक छोटे प्रदर्शन भरवले. किल्ली मागण्यासाठी मुलीने घरी विचारले, तेव्हा आजी म्हणाली, “कुलूप हाय का त्येंच्याकडं?” त्यामुळे किल्ली आली नाही. माझी दौत आली. तिच्या पाटीत मी तीन क्रियापदे घातली होती. छापताना त्यांतली दोन गळली.